डायोनिसस ते ग्लोब : पाश्चात्त्य नाटकाच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटकाच्या तालमीत चहा आला की कुणीतरी ग्रीकांवर घसरतंच. एकांकिका करणारी कॉलेजची मुलं, वाचनगटातली मंडळी, परीक्षेच्या आदल्या रात्री जागे झालेले विद्यार्थी, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

नाटक ग्रीकांनीच सुरू केलं का?

सोंग घेणं माणसाला शिकवावं लागत नाही. देवाचं, जनावराचं, मेलेल्या पूर्वजाचं सोंग जगभर निघत होतं. ग्रीकांचं वेगळेपण असं की लेखकाचं नाव, प्रयोगाचं वर्ष आणि स्पर्धेचा निकाल या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे नोंदलेल्या सापडतात. संपूर्ण स्वरूपात उरलेलं सगळ्यात जुनं नाटक म्हणजे एस्किलसचं ‘पर्शियन्स’. ते अथेन्समध्ये इ.स.पू. ४७२ मध्ये झालं, आणि त्याच्या कोरसचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचा, खर्च जेमतेम विशीतल्या पेरिक्लीसनं उचलला होता. पुढे अथेन्सचा नेता झालेला तोच पेरिक्लीस.

नाटकाचा विषय आठ वर्षांपूर्वीची सालामिसची लढाई. गंमत अशी की गोष्ट घडते ती हरलेल्या पर्शियन राजाच्या घरात. प्रेक्षकांत ती लढाई लढलेले लोक बसले होते आणि समोर शत्रूची म्हातारी राणी मुलाची वाट बघत होती. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सुचणं आणि ते खपणं, दोन्हींचं मला अजून नवल वाटतं.

पहिला नट कोण?

परंपरा थेस्पिसचं नाव घेते, साल इ.स.पू. ५३४ च्या सुमाराचं. त्याआधी समूह गात-नाचत असे. त्या समूहापासून एक जण वेगळा झाला आणि त्यांच्याशी बोलू लागला, एवढीच ती क्रांती. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सांगतो की दुसरा नट एस्किलसनं आणला आणि तिसरा सोफोक्लीसनं. पुढे शोकांतिकेत बोलणारे नट तिघांवरच थांबले. त्यामुळे एकेक नट दोन-तीन भूमिका करी. ग्रीक शोकांतिका वाचताना कोणती दोन पात्रं कधीच समोरासमोर येत नाहीत ते बघा, नाटककार कुणाला कपडे बदलायला वेळ देतोय ते लगेच कळतं.

तो प्रयोग प्रत्यक्षात कसा दिसत असेल?

करंडक स्पर्धा डोळ्यांसमोर आणा, पण धर्म, सरकार आणि आख्खं शहर तिच्यामागे उभं असलेली. वसंतात डायोनिसस देवाचा उत्सव असे. तीन शोकांतिकाकार निवडले जात. प्रत्येकानं तीन शोकांतिका आणि त्यावर उतारा म्हणून एक धुडगुशी ‘सॅटिर’ नाटक सादर करायचं. कोरसची तालीम, कपडे, शिक्षक यांचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकावर टाकला जाई. तो कर होता आणि मिरवण्याची संधीही.

जागा अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरची. वर आभाळ, प्रकाश सूर्याचा. ‘थिएट्रॉन’ म्हणजे बघण्याची जागा. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे नाचण्याची जागा, वाद्यवृंद नव्हे. ‘स्केने’ म्हणजे तंबू किंवा खोपटं, ज्याच्या आड नट कपडे बदलत. आपण रोज तोंडात घोळवतो तो ‘सीन’ या खोपटातून निघालाय. खून शक्यतो त्या दारामागे होई. मग चाकांचा एक पाट बाहेर ढकलत आणि प्रेत लोकांना दाखवत. देव यारीला लटकून वरून येई. गुंता सुटेना की नाटककार देवाला खाली सोडतो हा टोमणा तेव्हापासूनचा.

आणि परीक्षक! दहा गटांतून चिठ्ठ्या टाकून दहा परीक्षक निवडत, पण त्यांच्या दहा मतांपैकी सगळी मोजत नसत. त्यातूनही काहीच मतं चिठ्ठीनं काढत. इतकी सावधगिरी बाळगूनही निकाल काय लागले? सोफोक्लीसच्या ‘ईडिपस’ला पहिलं बक्षीस मिळालं नाही असं परंपरा सांगते. युरिपिडीसची ‘मीडिया’ इ.स.पू. ४३१ मध्ये तिघांत तिसरी आली. हरलेल्या संघाला धीर द्यायला मी हे उदाहरण नेहमी वापरतो.

फ्रिनिकसची गोष्ट तर याहून कडू. पर्शियनांनी मिलेटस हे मित्रशहर उद्ध्वस्त केलं, त्यावर त्यानं नाटक केलं. प्रेक्षक ढसाढसा रडले आणि शहरानं त्याला १,००० द्राख्मा दंड ठोकला, आपल्याच दुःखाची आठवण करून दिली म्हणून. नाटकावर पुन्हा बंदीही घातली.

मुखवटा घातल्यावर अभिनय तो काय उरणार?

आवाज उरतो. हजारो माणसं डोंगरउतारावर बसलेली असताना भुवई उडवून उपयोग नव्हताच. एपिडॉरसचं थिएटर बघा, इ.स.पू. चौथ्या शतकातलं, सुमारे १४,००० माणसांचं. तिथे सगळ्यात वरच्या ओळीतल्या माणसाला नटाचा चेहरा नखाएवढा दिसणार.

तो प्रेक्षक कानाचा किती तिखट होता याचा एक किस्सा आहे. इ.स.पू. ४०८ मध्ये युरिपिडीसच्या ‘ओरेस्टिस’मध्ये हेगेलोकस नावाच्या नटाला म्हणायचं होतं की वादळानंतर मला पुन्हा शांत समुद्र दिसतोय. श्वास कमी पडला, स्वराची चढउतार चुकली आणि ‘शांत समुद्र’चं झालं ‘मुंगसासारखं जनावर’. वादळानंतर मला पुन्हा मुंगूस दिसतंय! ॲरिस्टोफेनीसनं तीन वर्षांनी आपल्या ‘बेडूक’ या विनोदी नाटकात ती चूक पुन्हा उगाळली. बिचारा हेगेलोकस एवढ्या एका ‘फंबल’मुळे अमर झाला.

दुसरा नट पोलस. सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’त भावाच्या अस्थींचा कलश छातीशी धरून इलेक्ट्रा विलाप करते. पोलसचा मुलगा नुकताच गेला होता. त्यानं रंगमंचावर खराच कलश आणला, स्वतःच्या मुलाच्या अस्थींचा. मुखवट्याआड त्याचा चेहरा कुणाला दिसला नसेल. हा किस्सा रोमन लेखक ऑलस गेलियसनं नोंदवून ठेवलाय.

त्यातली किती नाटकं उरली आहेत?

थोडीच. सोफोक्लीसनं सुमारे १२० नाटकं लिहिली, पूर्ण उरली ७. एस्किलसच्या नावावरही ७ च. ॲरिस्टोफेनीसची ११. युरिपिडीसच्या सुमारे ९० पैकी १८ किंवा १९, कारण एकाच्या कर्तृत्वाबद्दल वाद आहे.

युरिपिडीसची जास्त का, याचं उत्तर मजेशीर आहे. शाळांत शिकवायला निवडलेली नाटकं नकलून नकलून टिकली, हे सगळ्यांचंच. पण युरिपिडीसच्या समग्र नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या संचाचा एक तुकडा नशिबानं वाचला. त्यातली नाटकं ग्रीक वर्णमालेतल्या एप्सिलॉन ते कॅपा या अक्षरांनी सुरू होतात. ‘सायक्लॉप्स’ हे एकमेव पूर्ण उरलेलं सॅटिर नाटक आपल्याकडे आहे ते त्याचं ग्रीक नाव ‘क’नं सुरू होतं म्हणून. विनोदी नाटककार मेनँडरचं ‘डिस्कोलोस’ तर इजिप्तच्या पपायरसवर सापडलं आणि १९५८ मध्ये प्रथम छापलं गेलं.

ॲरिस्टॉटलनं सांगितलेल्या तीन एकता कोणत्या?

हा परीक्षेतला लाडका प्रश्न, अपेक्षित उत्तर कृती, काळ आणि स्थळ. पण प्रश्नच चुकलेला. ॲरिस्टॉटल आग्रह धरतो तो एकाच एकतेचा, कृतीच्या, म्हणजे नाटकात एकच सलग गोष्ट असावी याचा. काळाबद्दल तो एवढंच म्हणतो की शोकांतिका साधारण सूर्याच्या एका फेऱ्यात बसवायचा प्रयत्न करते. ही निरीक्षणाची भाषा आहे, आज्ञेची नाही. स्थळाच्या एकतेबद्दल अवाक्षर नाही. एस्किलसच्या ‘युमेनिडीस’मध्ये गोष्ट डेल्फीहून उठून अथेन्सला जाते आणि कुणाचं काही बिघडत नाही.

तिन्ही एकतांचा कडक नियम बांधला तो कास्तेलवेत्रो या इटालियन टीकाकारानं, १५७० मध्ये. फ्रेंचांनी पुढे तो डोक्यावर घेतला. रेनेसाँमधला, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातला, माणूस ग्रीक पोथी उघडतो आणि तिच्यात नसलेलं काहीतरी वाचतो, हे या पानावर तुम्हाला आणखी दोनदा भेटेल.

रोमन नाटकाबद्दल सगळे इतकं कमी का बोलतात?

रोमन प्रेक्षकाला नाटकाशिवाय बघायला बरंच काही होतं म्हणून. लॅटिन नाटकाची सुरुवात इ.स.पू. २४० मध्ये लिव्हियस अँड्रॉनिकसपासून धरतात, तीही ग्रीक नाटकांच्या रूपांतरांनी. प्लॉटसची २० च्या आसपास आणि टेरेन्सची ६ विनोदी नाटकं उरली आहेत. टेरेन्सच्या ‘हेकिरा’चा पहिला प्रयोग मोडला, कारण लोकांचं लक्ष डोंबारी आणि मुष्टियोद्ध्यांकडे गेलं. दुसरा मोडला, कारण ग्लॅडिएटर आल्याची आवई उठली. तिसऱ्या वेळी, इ.स.पू. १६० मध्ये, एकदाचा पार पडला. ही रड त्याच नाटकाच्या नांदीत आहे, म्हणून आपल्याला कळते.

रोममध्ये पहिलं कायमचं दगडी नाट्यगृह सेनानी पाँपीनं इ.स.पू. ५५ मध्ये बांधलं. माथ्यावर व्हीनसचं देऊळ ठेवलं, म्हणजे खालच्या आसनांना देवळाच्या पायऱ्या म्हणायची सोय झाली. रोमन नटाला कायद्यानं प्रतिष्ठा नव्हती. लोक त्याच्यासाठी वेडे होत, पण नागरिक म्हणून त्याचे काही हक्क काढून घेतलेले असत. ही दुटप्पी वागणूक मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

मग मधली हजार वर्षं नाटक बंदच होतं का?

पुस्तकं एका वाक्यात उडवतात, ‘चर्चनं नाटक बंद पाडलं’. चर्चचा राग खरा होता. पण दहाव्या शतकात नाटक पुन्हा दिसतं ते चर्चच्या आतच. ईस्टरच्या पहाटे तीन स्त्रिया येशूच्या थडग्याशी येतात, देवदूत विचारतो, ‘कुणाला शोधता?’ प्रश्न, उत्तर, बस्स. स्त्रियांचं काम पाद्रीच करत. इ.स. ९७० च्या सुमारास इंग्लंडातल्या विंचेस्टरमध्ये याच्या अगदी दिग्दर्शकी सूचना लिहिल्या गेल्या: कुणी कुठे बसायचं, कसं जणू काही शोधतोय असं चालायचं. ‘जणू’ हा शब्द महत्त्वाचा. नाटक तिथे सुरू होतं.

मग नाटक रस्त्यावर आलं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये सृष्टीच्या निर्मितीपासून कयामतीपर्यंत ४८ छोटी नाटकं एका सणाच्या दिवशी, पहाटे साडेचारपासून, चाकांच्या गाड्यांवर शहरभर फिरत. प्रत्येक नाटक एका कारागीर संघटनेकडे. नोहाची नौका बांधायचं नाटक जहाज बांधणाऱ्यांकडे. शेवटचं भोजन पाववाल्यांकडे. आणि येशूला क्रुसावर ठोकायचं नाटक कुणाकडे? खिळे-टाचण्या बनवणाऱ्यांकडे.

ते नाटक वाचून बघा. चार शिपाई कामाला लागलेत. भोकं चुकीच्या मापानं पाडली आहेत, हात भोकापर्यंत पोचत नाही. मग ते दोरी बांधून हात ताणतात. क्रूस उचलताना एकमेकांवर खेकसतात, पाठ धरली म्हणून कुरकुरतात. कुणाला क्रूर व्हायचं नाही, फक्त काम संपवायचं आहे. बराच वेळ येशू गप्प आडवा पडलेला. समोर रस्त्यावर उभे असलेले लोक त्याच हातोड्या रोज चालवणारे. याहून अंगावर येणारा प्रसंग मी आधुनिक नाटकातही फार पाहिलेला नाही, आणि लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही.

कॉव्हेंट्री शहरातल्या संघटनेच्या हिशेबवहीत १५७३ ची नोंद आहे: जुडासला फाशी देण्याबद्दल ४ पेन्स, कोंबड्यासारखं आरवण्याबद्दल ४ पेन्स. दोन्ही कामं एकाच माणसाची. बॅकस्टेजवाल्यानं ओळखावं, हा आपलाच.

बायका रंगमंचावर केव्हा आल्या?

ग्रीक नाटकात नट सगळे पुरुष. रोमच्या ‘माइम’ प्रकारात स्त्रिया होत्या, पण त्यांना मान नव्हता. दहाव्या शतकात जर्मनीत गांडरशाइमच्या मठातली ह्रोत्स्विथा टेरेन्सच्या धर्तीवर सहा नाटकं लिहिते, टेरेन्समधल्या चवचाल बायकांच्या जागी सत्त्वशील बायका बसवून.

व्यावसायिक अभिनेत्रीचं नाव असलेला जुना करार इटलीतला, १५६४ चा, सिएनाच्या लुक्रेझियाचा. पाठोपाठ इझाबेला अँड्रेइनी येते: नटी, कवयित्री, विद्वानांच्या अकादमीची सभासद. १६०४ मध्ये लियाँला ती वारली तेव्हा तिच्या स्मरणार्थ पदक पाडलं गेलं. स्पेननं १५८७ मध्ये स्त्रियांना परवानगी दिली. इंग्लंड मात्र १६६० पर्यंत अडून राहिलं. ज्युलिएट, क्लिओपात्रा, लेडी मॅक्बेथ ही सगळी मिसरूड न फुटलेल्या मुलांसाठी लिहिलेली कामं आहेत. बालगंधर्वांच्या साडीची फॅशन झालेल्या भाषेत याचं आश्चर्य कुणी करू नये.

रेनेसाँमध्ये नेमकं काय बदललं?

पोथ्या सापडल्या आणि छापखाना आला. प्लॉटसची हरवलेली १२ नाटकं १४२९ मध्ये रोमला पोचली. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसनं ॲरिस्टोफेनीस १४९८ मध्ये, सोफोक्लीस १५०२ मध्ये, युरिपिडीस १५०३ मध्ये छापला. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसचा ग्रंथही छापून आला आणि लोकांनी त्यातल्या थिएटरच्या वर्णनावरून इमारती उभारायला घेतल्या.

त्यातली इटलीतल्या विचेन्झाची थिएटरची इमारत अजून उभी आहे. तिचा वास्तुकार पॅलाडिओ १५८० मध्ये, काम सुरू होताच वारला. उद्घाटन झालं ३ मार्च १५८५ रोजी, ‘ईडिपस’नं. पॅलाडिओनं जुन्या रोमन पद्धतीची भव्य भिंत योजली होती. त्याच्यानंतरच्या स्कामोझ्झी या वास्तुकारानं तिच्या दारांमागे लाकडाचे रस्ते बांधले, मागे मागे अरुंद आणि बुटके होत जाणारे, म्हणजे समोरून बघताना लांबच लांब वाटावेत. नट त्या रस्त्यात मागे चालत गेला तर घरांपेक्षा उंच दिसेल. ग्रीकांकडे असं काही नव्हतं. पण पुढच्या चारशे वर्षांच्या नेपथ्याची पेरणी इथे झाली: चौकट, चित्रातली खोली, समोर अंधारात बसलेला प्रेक्षक. मात्र प्रेक्षागृहातला अंधार फार नंतरचा, तेव्हा मेणबत्त्या दोन्हीकडे जळत.

ऑपेराचा याच्याशी काय संबंध?

फ्लॉरेन्समधल्या काही विद्वानांना वाटलं की ग्रीक शोकांतिका अथपासून इतिपर्यंत गायली जात असे. त्यांच्यात व्हिन्चेन्झो गॅलिली होता, खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप. मग त्यांनी ती ‘पुन्हा जिवंत’ करायला घेतली. ग्रीकांचा कोरस गात असे, पण संवादांचा मोठा भाग बोललाच जाई. या चुकीतून १६०० मध्ये पेरीचं ‘युरिडिची’ आलं, १६०७ मध्ये मॉन्तेवेर्दीचं ‘ऑर्फेओ’. एवढी फायद्याची चूक कलेच्या इतिहासात दुसरी शोधून दाखवा.

कॉमेडिया देल्लार्ते म्हणजे तमाशाच का?

नाही, पण ओळखीचं वाटतं खरं. हे इटलीतल्या फिरत्या नटांचं विनोदी नाटक. लिखित संहिता नसते, कथानकाचा कागद विंगेत टांगलेला, संवाद नटांनी जागेवर रचायचे. आपल्या दशावतारी नटाला यात काही शिकवावं लागणार नाही. पात्रं ठरलेली: व्हेनिसचा चिक्कू व्यापारी पँतालोने, बोलोन्याचा बडबड्या विद्वान दोत्तोरे, फुशारक्या मारणारा कॅप्टन, भुकेलेला नोकर आर्लेकिनो. प्रत्येकाची बोली वेगळी, बहुतेकांना चामड्याचा मुखवटा, प्रेमिकांना मात्र उघडा चेहरा.

मला त्यातला एक कागद फार आवडतो. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी पादुआमध्ये आठ जणांनी मिळून कंपनीचा करार केला. सामान वाहायला सगळ्यांच्या पैशानं घोडा घ्यायचा. कुणी आजारी पडला तर खर्च सामाईक. गल्ल्याच्या पेटीला तीन किल्ल्या, तिघांकडे. कलेबद्दल अक्षर नाही. नाटक कंपनी चालवलेल्या कुणालाही हा कागद दाखवा, तो तीन किल्ल्यांपाशी थांबून हसेल.

शेक्सपिअरच्या काळात तालमी कशा होत?

जवळजवळ नाहीतच. लंडनची कंपनी दुपारी दिवसाच्या उजेडात खेळ करी, आणि हेन्स्लो या थिएटरमालकाची वही सांगते की रोज वेगळं नाटक लागे. नटाला पूर्ण संहिता देत नसत. त्याचे स्वतःचे संवाद आणि आधीच्या नटाच्या वाक्याचे शेवटचे काही शब्द, एवढंच कागदाच्या गुंडाळीवर लिहून मिळे. मराठी कंपन्यांत ‘नकला’ वाटत, तेच. त्या गुंडाळीवरूनच ‘रोल’ हा शब्द आला. एडवर्ड ॲलन या नटाची अशी एक नक्कल लंडनच्या डलविच कॉलेजात अजून आहे. आपल्याला समोरचा काय बोलणार हे खरोखरच ठाऊक नसायचं, म्हणून ऐकावंच लागे. हा प्रयोग तुमच्या संघात एकदा करून बघा.

ग्लोब थिएटर चोरलेल्या लाकडाचं होतं हे खरं का?

चोरीची व्याख्या कुणाची यावर आहे. जेम्स बर्बेजनं १५७६ मध्ये लंडनजवळच्या शोरडिचला ‘द थिएटर’ बांधलं, जागा भाड्याची. भाडेपट्टा संपला, जमीनमालक अडून बसला. शेक्सपिअरच्या कंपनीचं म्हणणं, जमीन तुझी पण लाकूड आमचं. २८ डिसेंबर १५९८ ला सुतार घेऊन गेले, इमारत उसकटली आणि ते लाकूड थेम्स नदीपलीकडे वापरून १५९९ मध्ये ग्लोब उभं केलं. मालक कोर्टात गेला, हरला. २९ जून १६१३ ला नाटकातल्या तोफेची ठिणगी गवती छपरात पडली आणि ग्लोब जळालं. एका माणसाच्या विजारीनं पेट घेतला, ती बाटलीतल्या बिअरनं विझवली. १६४२ मध्ये पार्लमेंटनं लंडनची नाट्यगृहंच बंद केली.

यातलं आपल्याकडे काय पोचलं?

ग्रीक थिएटर अफगाणिस्तानातल्या आय खानूमपर्यंत आलं होतं, तिथे ते उत्खननात सापडलं. संस्कृतात पडद्याला ‘यवनिका’ म्हणतात आणि ‘यवन’ म्हणजे ग्रीक, त्यावरून एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी आपलं नाटकच ग्रीकांकडून आल्याचं म्हटलं. पण ग्रीकांच्या रंगमंचाला दर्शनी पडदाच नव्हता, त्यामुळे तो पुरावा लंगडा आहे. रेनेसाँ मात्र थेट आला: १८८३ मध्ये आगरकरांचं ‘विकारविलसित’ म्हणजे ‘हॅम्लेट’, आणि देवलांचं ‘झुंजारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’. गोव्याचं तियात्र १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालं, इटालियन ऑपेराच्या प्रभावातून. आणि ‘तियात्र’ हा शब्द पोर्तुगीजमार्गे आलेला तोच ‘थिएट्रॉन’.

आज जाऊन बघण्यासारखं काय उरलंय?

एपिडॉरस, तिथे उन्हाळ्यात प्रयोग होतात. विचेन्झातले लाकडी रस्ते. स्पेनमधल्या आल्माग्रोचं घरांच्या चौकातलं जुनं नाट्यगृह. लंडनला गेलात तर १९९७ ची ग्लोबची प्रतिकृती सगळे बघतातच, पण पाच मिनिटांवरचं ‘रोझ’ चुकवू नका. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याची नाटकं जिथे झाली ते हे थिएटर १९८९ मध्ये ऑफिसची इमारत बांधताना पायाखाली सापडलं. नटांनी, प्रेक्षकांनी आरडाओरड करून ते वाचवलं आणि इमारत त्याच्या डोक्यावर उभी केली. खाली चिखलात जुन्या थिएटरच्या पायाभिंतींच्या खुणा आहेत. तिथल्या जमिनीत हेझलनट नावाच्या फळाची टरफलं खच्चून भरलेली सापडली.